लिहिणारे यंत्र आणि खालची सही

(मंडळाच्या वर्धापनदिनी झरी येथे केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरगावच्या एखाद्या विदुषीला बोलावतो. यंदा कार्यकारिणीने घरच्याच बाईला उभे केले आहे, त्याचे कारण आपणां सर्वांना ठाऊक आहे. बचत गटाच्या शेवया, कुरडया आणि येसर परगावी विकायचे तर त्यांची माहिती मोबाईलवर लोकांना सापडेल अशी लिहून ठेवावी, अशी सूचना गेल्या बैठकीत आली. ‘हल्ली लिहायला माणूस कशाला लागतो, यंत्रच लिहिते’ असेही त्याच बैठकीत कोणीतरी म्हणाले आणि त्यावरून बराच वाद झाला. मी काही वर्षे घरी बसून अशाच प्रकारचे लेखन करीत आले आहे. तेव्हा या यंत्राचे खरेखोटे काय ते तूच सांग, असा मला हुकूम झाला. विषय नवा आहे, म्हणून थोडे मुळापासून सांगावे लागेल. जाणत्या मुलींनी कंटाळू नये.

हे लेख असतात कशासाठी, ते आधी सांगते. पुण्यातील एखादी नवी सून कुरडया करावयास बसते. चीक बिघडतो, कुरडई तळणीत फुलत नाही. आई दूर, सासूबाई गावी. ती मोबाईल उचलते आणि त्यालाच विचारते. मग गूगलसारखे शोधयंत्र तिच्यापुढे दहापाच पाने ठेवते. ते काही त्या क्षणी जगभर धावत जात नाही. जगातील असंख्य पाने त्याने आधीच वाचून, कोणता शब्द कोठे आहे याची सूची करून ठेवलेली असते. जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशीच ती सूची, फक्त फार मोठी.

आता या पानांतले पहिले कोणते ठेवावे? १९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी त्याची एक युक्ती मांडली. आपण गावात शिंपी कसा निवडतो? ज्याचे नाव चार घरे घेतात त्याच्याकडे जातो. आणि त्या चारांत एखादे चोखंदळ घर असले तर त्याच्या शब्दाला अधिक मान देतो. त्या दोघांनी पानांचे तसेच केले. ज्या पानाचा हवाला इतर पुष्कळ पाने देतात ते वजनदार, आणि वजनदार पानाने दिलेला हवाला अधिक मोलाचा. पुढे या हिशेबात आणखी पुष्कळ गोष्टी आल्या, परंतु मूळ कल्पना ही.

शोधणारी बाई पहिली दोनचार पाने पाहते आणि मोबाईल खाली ठेवते. म्हणून आपले पान वर यावे यासाठी एक विद्याच तयार झाली आहे. तिला एस.ई.ओ. म्हणतात. लोक ज्या शब्दांनी विचारतात ते शब्द मथळ्यात घालावे, उत्तर आरंभीच द्यावे, मधूनमधून पोटमथळे द्यावे, एका पानात एकच विषय ठेवावा, असे तिचे साधे नियम आहेत. यात वावगे काही नाही. फडताळातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या तर अंधारातही तिखटाचा डबा हाती येतो. चिठ्ठी लावणे ही लबाडी नव्हे. लबाडी तेव्हा होते, जेव्हा चिठ्ठीवर ‘तूप’ लिहिलेले असते आणि आत डालडा निघतो.

या पानांवर जाहिराती असतात. जितके लोक येतील तितके जाहिरातीचे पैसे मिळतात. म्हणून पाने चालविणाऱ्यांना लेख हवे असतात, रोज हवे असतात, आणि स्वस्त हवे असतात. माझ्यासारख्या, घर सांभाळून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या बायका त्या कामाला लागल्या त्या अशा.

मग ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपन-ए-आय या कंपनीने चॅटजीपीटी नावाचे लिहिणारे यंत्र लोकांना खुले केले. पाठोपाठ गूगलचे आले, इतरांचीही आली. त्याला मराठीत सांगावे, ‘कुरडईवर आठशे शब्दांचा लेख लिही, मथळा दे, पोटमथळे दे, शोधात वर येईल असा कर’, की चहाला उकळी येण्याच्या आत लेख तयार होतो. हा चमत्कारच आहे आणि मी त्याला चमत्कारच म्हणते.

हे यंत्र विचार करून लिहिते काय, असे मला पुष्कळ जणी विचारतात. जात्यावर दोघी दळायला बसल्या की एकीने ओवीचा एक चरण म्हणावा आणि दुसरीने पुढचा अचूक उचलावा, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्या बायकांनी केलेले आहे. हजारो ओव्या कानांवरून गेलेल्या असतात, त्यामुळे पुढचा शब्द आठवावा लागत नाही, तो आपोआप ओठांवर येतो. अशी बाई पंढरीच्या वाटेचे वर्णन इतके गोड करील की ऐकणारीला वाटावे, ही दरसाल वारीला जाते. प्रत्यक्षात तिने गंगाखेडही पाहिलेले नसेल. यंत्राची रीत पुष्कळशी अशीच आहे. अब्जावधी शब्दांचा मजकूर त्याच्या पोटातून गेलेला असतो, आणि या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा हिशेब करीत ते एकेक तुकडा पुढे ठेवीत जाते. हिशेब फार बारकाईचा असतो, म्हणून बहुतेक वेळा उत्तर बरोबरही येते. परंतु बरोबर आले काय नि चुकले काय, त्याचा सूर एकच. अडखळणे त्याला ठाऊक नाही. माणूस थापा मारू लागला की निदान डोळे तरी खाली घालतो.

इंग्रजीतसुद्धा हे यंत्र कसे फसते, याची एक गोष्ट सांगते. सीनेट नावाच्या अमेरिकेतील एका नामांकित वृत्तस्थळाने यंत्राकडून पैशाच्या व्यवहारांवर लेख लिहवून घेतले. जानेवारी २०२३ मध्ये त्याचा बोभाटा झाला. ७७ लेख तपासले, त्यांपैकी ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. एका लेखात लिहिले होते की, बँकेत १०,००० डॉलर शेकडा ३ दराने ठेवले तर वर्षाअखेर १०,३०० डॉलर व्याज मिळेल! मुद्दल आणि व्याज यांची खिचडी. आपल्या बचत गटात व्याजाचा हिशेब मांडणाऱ्या बाईने ही चूक दारातूनच पकडली असती. तेथे मात्र शिकलेल्या संपादकांच्या नजरेखालून ती गेली, कारण वाक्य कसे छान घोटीव होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या जुन्या क्रीडा-नियतकालिकाच्या पानांवर असे लेखक सापडले की ज्यांचा ठावठिकाणाच लागेना. नाव होते, छायाचित्र होते, ‘यांना डोंगरदऱ्यांत भटकण्याची आवड आहे’ असा परिचयही होता. आणि ते छायाचित्र यंत्राने बनविलेले चेहरे विकणाऱ्या दुकानात मिळाले. प्रकाशकांनी सांगितले की तो मजकूर बाहेरच्या कंपनीकडून आला होता, आणि तो काढून टाकला. ही गोष्ट मला अधिक लागली. चुकीचे व्याज दुरुस्त करता येते. ज्याच्या नावावर लिहिले तो माणूसच नसेल तर जाब कोणाला विचारायचा?

अमेरिकेतील गोष्टी आपण हसून सोडून देऊ, म्हणून माझ्याच कामातले सांगते. परगावच्या एका कचेरीसाठी मी लिहीत असे. तिचे नाव घेण्याचे कारण नाही. आरंभी एका लेखाचे १५० रुपये मिळत. लेखाला दोन दिवस लागत. मी चार जणींना विचारी, एखादा पदार्थ स्वतः करून पाही. यंत्र आले तेव्हा दर ४० वर आला, आणि दिवसाला दहा लेख मागू लागले. म्हणजे यंत्राने लिहायचे आणि मी फक्त वेलांट्या पाहायच्या. हेही मी समजू शकते, धंदा आहे. पुढे लहान मुलांच्या आहारावरील लेख आले. त्यांतल्या एका मसुद्यात सहा महिन्यांच्या बाळाला मध चाटवावा असे लिहिलेले होते, आणि लेखाखाली एका डॉक्टरीणबाईंचे नाव घालण्याची सूचना होती. या बाई कोण म्हणून मी विचारले. उत्तर आले, ‘नाव चांगले वाटते म्हणून ठेवले आहे.’

मधाविषयी येथे थांबून सांगितलेच पाहिजे, कारण ही गोष्ट फक्त यंत्राची नाही. बाळ जन्मले की त्याच्या जिभेला मध लावण्याची चाल आपल्या घरांतून आहे. परंतु मधात कधीकधी एका जंतूचे बीज असते. मोठ्या माणसाला त्याचा उपद्रव होत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढते आणि त्याच्या विषाने बाळाचे अंग लुळे पडू शकते. म्हणून एक वर्षापर्यंत बाळाला मध देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. आणि पहिले सहा महिने तर आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. यंत्राने मध लिहिला, कारण हजार ठिकाणी लोकांनी तसे लिहून ठेवलेले आहे. यंत्र बहुतांचे बोलणे परत करते. बहुतांचे चुकले असेल तर यंत्राचेही चुकते. आणि आपल्या आजीचे चुकले असेल तर आपलेही. तेव्हा अनुभव म्हटला की तो खराच, असा ताठा आपणही धरू नये. बाळ, बाळंतीण आणि औषध यांच्याविषयीची ओळ आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातील सिस्टरना दाखविल्याशिवाय छापायची नाही, एवढी गाठ मारून ठेवावी.

त्या नसलेल्या डॉक्टरीणबाईंच्या नावाने मजकूर देण्यास मी नकार दिला. काम बंद झाले. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या कोणाला तरी मिळाले असणार, याविषयी मला शंका नाही. आपल्या गावातील दोघीतिघी मुलींनाही हल्ली असे काम विचारले जाते, म्हणून हे सांगत आहे. मुलींनो, पैशाची गरज मला कळते, आणि काम घेऊच नका असे मी म्हणणार नाही. घेण्यापूर्वी एकच विचारा, लेखाखाली नाव कोणाचे.

खालच्या नावाचे मी इतके का घेऊन बसले, असे कोणाला वाटेल. आपल्या मराठवाड्याला तरी ते वाटू नये. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. खेड्यातील मराठी माणसाला अर्ज करायचा तर अर्जनवीसाकडे जावे लागे. तो भराभर लिहून देई. काय लिहिले हे ज्याचे काम त्याला वाचता येत नसे. तो खाली अंगठा उठवून मोकळा होई. अर्जनवीस प्रामाणिक असला तर काम होई. नसला तर शेत कोणाच्या नावावर गेले ते पुढच्या पिढीला कळे.

घरगुती पत्रांचा प्रकार याहून बरा होता. ज्यांना लिहिता येत नसे त्या बायका मास्तरांकडे किंवा शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोराकडे जाऊन माहेरी पत्र लिहून घेत. लिहिणारा ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे झोकात घाली, ‘इकडील सर्व क्षेम आहे’ असेही आपल्या मनाने घाली. परंतु हुशार बाई पाकीट चिकटवू देत नसे. ‘आधी वाचून दाखव,’ म्हणे. आणि ऐकताऐकता, ‘क्षेम कुठं हाय रे? गाय मेली ते लिही की!’ असे त्याला थांबवी. अक्षर तिचे नव्हते, पत्र तिचेच होते. यंत्राला आपल्या घरात कोणते स्थान द्यावे हे मला या पोराकडे पाहून सुचते. पोरगा म्हणून तो कामाचा आहे. अर्जनवीस म्हणून त्याला बसवू नये.

आता आपल्या येसराकडे येते. येसर म्हणजे काय हे या सभेत सांगणे हास्यास्पद आहे; लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी वाढली नाही तर पाहुणे आठ दिवस बोलतात. परंतु मराठवाड्याबाहेर पुष्कळांना हा शब्दही ठाऊक नाही. मी यंत्राला येसरावर लेख मागितला. त्याने काय केले? ‘आजच्या धावपळीच्या जीवनात’ असा आरंभ केला. (झरीत धावपळ असते ती नळाला पाणी आल्यावर; पण ते असो.) मग ‘चला तर मग जाणून घेऊया’ म्हणाले. मग ओले खोबरे, आले, लसूण वाटून एक मसाला सांगितला आणि त्याला येसर असे नाव दिले. भाजलेल्या धान्याचा, डाळीचा पत्ताच नाही. आमच्या शेजारच्या आत्याबाईंना मी तो लेख वाचून दाखविला. त्या सगळे शांतपणे ऐकून म्हणाल्या, “मग ह्याला येसर कव्हा खाऊ घातलं व्हतंस गं तू?”

आत्याबाईंनी नेमके बोट ठेवले. येसराविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे, म्हणून यंत्राच्या कानावरून ते गेलेलेच नाही. आणि ‘मला माहीत नाही’ म्हणण्याऐवजी त्याने शेजारच्या मसाल्याचे कपडे त्याला घातले. दुसऱ्या एका मसुद्यात ‘परभणी क्रांती’ ही ज्वारीची जात असल्याचे लिहून आले. परभणी क्रांती ही आपल्या कृषी विद्यापीठाची भेंडी आहे, पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला तोंड देणारी म्हणून नावाजलेली. ज्वारी आहे ती ‘परभणी शक्ती’. ही ज्वारी २०१८ साली विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने दिली. तिच्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक आहे. शेतावर जाणारी कोणतीही बाई भेंडी आणि ज्वारी यांत गल्लत करणार नाही. यंत्राने केली, कारण दोन्ही नावांपुढे ‘परभणी’ येते.

मराठीवर त्याचा हात कच्चा का, याचेही कारण आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. परंतु इंटरनेटवरच्या पानांत इंग्रजीचा वाटा निम्म्याच्या आसपास आणि मराठीचा शेकडा एकसुद्धा नाही. जे थोडे आहे तेही बहुतेक शहरांतील, आणि त्यात पुष्कळसे इंग्रजी-हिंदीवरून उतरविलेले. त्यात धपाटे थोडे, पिझ्झा फार. यंत्र जे वाचते तेच बोलते. आणि आता जर आपण सगळ्या मराठी लेखांचे काम त्याच्यावरच सोपविले, तर उद्याचे यंत्र आजच्या यंत्राचेच लेख वाचून मराठी शिकेल. नासके विरजण पुढच्या दह्याला लावत गेले म्हणजे काय होते ते आपणांस सांगायला नको.

हे नुसते भय नव्हे. स्कॉटलंडात स्कॉट्स नावाची भाषा आहे. तिच्या विकिपीडियावरील हजारो नोंदी अमेरिकेतील एका अल्पवयीन मुलाने, ती भाषा येत नसताना, कोशातून शब्द उचलून लिहिल्या होत्या, असे २०२० च्या ऑगस्टात उघडकीस आले. पोराचा हेतू वाईट नव्हता. पण तेवढी वर्षे जगाने तीच खरी स्कॉट्स समजून वाचली. तेथे एका पोराने हाताने केले. यंत्र ते एका दुपारी करील.

गूगलचे म्हणणे काय, असे बैठकीत विचारले गेले होते. यंत्राने लिहिलेले पान ते खाली टाकतात काय? तसे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केले की लेख कोणी लिहिला यापेक्षा तो वाचणाऱ्याच्या उपयोगी आहे की नाही हे आम्ही पाहतो. मार्च २०२४ मध्ये मात्र केवळ वर येण्यासाठी ढिगाने पाने रचणाऱ्यांविरुद्ध त्यांनी नियम केला, मग ती पाने यंत्राने रचलेली असोत वा माणसाने. आणि डिसेंबर २०२२ मध्ये, पानांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांना ज्या सूचना दिलेल्या असतात त्यांत ‘अनुभव’ हा शब्द वाढविला: लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे काय, हे पाहावे. भगिनींनो, हे वाचले त्या दिवशी मी मनाशी हसले. आपल्याजवळ पदवी नाही, भांडवल नाही, इंग्रजी नाही. अनुभव तेवढा पोत्याने आहे, आणि नेमका तोच हवा म्हणतात.

दुसरीही एक गोष्ट बदलली आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल पुष्कळ प्रश्नांचे उत्तर स्वतःच यंत्राकडून लिहवून वर दाखवू लागले. त्यामुळे सर्वसाधारण माहितीची पाने उघडण्याचे लोकांना कारण उरत नाही. ‘ज्वारीचे फायदे’ असा लेख आपण लिहिला तर त्याला कोणी विचारणार नाही; तसे लाख आहेत. ‘झरीच्या बायका येसर कसे करतात आणि ते कोठे मिळेल’ हे मात्र दुसरे कोणी लिहूच शकत नाही.

म्हणून मला असे वाटते की आपण यंत्र वापरावे, पण क्रम बदलावा. आधी बाईने बोलावे. कुरडईला गहू किती दिवस भिजवता, पाणी रोज बदलता की नाही, चीक शिजला हे कशावरून ओळखता, वाळवताना आभाळ आले तर काय करता. यंत्राने मला गहू ‘रात्रभर’ भिजवायला सांगितले होते. आपण तीन दिवस भिजवतो, आणि तिसऱ्या दिवशीचा वास कसा असतो ते लेखात यायला हवे, कारण त्या पुण्याच्या सुनेला त्या वासाची भीती वाटून ती गहू फेकून देणार आहे. हे सर्व उतरवून घ्यावे. मग यंत्राला द्यावे आणि सांगावे, ‘यातले काही वाढवू नको, नीट क्रम लाव, मथळे सुचव, शुद्धलेखन पाहा.’ या कामात ते खरोखर वाकबगार आहे. चारपाच मथळे मागितले तर एखादा इतका चपखल देते की आपल्याला सुचला नसता. परदेशातल्या मराठी घरांसाठी इंग्रजी उताराही बरा करते. शोधणारे लोक जवारी म्हणतात, ज्वारी म्हणतात, जोंधळा म्हणतात. असे पर्यायी शब्द त्याला विचारावेत, मथळ्यात पुस्तकी शब्द ठेवावा आणि आत आपला. नंतर ते लिहिलेले मोठ्याने, ज्या बाईने सांगितले तिच्यासमोर वाचावे. तिने मान हलविली की मगच पुढे.

विक्रीच्या पानाबद्दल एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. यंत्राला स्तुतीचा सोस आहे. आपल्या ज्वारीच्या शेवयांवर त्याने ‘नियमित सेवनाने मधुमेह बरा होतो’ असे लिहून दिले. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ याप्रमाणे खाण्याच्या वस्तूची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; आणि दंड मोबाईलला होत नाही, ज्यांच्या नावाने माल विकला जातो त्यांना होतो. दंडाचे सोडा. एखाद्या बाईने आपल्या शब्दावर विसंबून गोळ्या बंद केल्या तर? ती ओळ मी खोडली. तेथे ‘चुलीवर वाफवून उन्हात वाळविलेल्या’ एवढेच ठेवले आहे, ते खरे आहे.

बैठकीत आणखी एक शंका निघाली होती. आपल्या पाककृती अशा लिहून टाकल्या तर यंत्र त्या गिळील, आणि उद्या कोणीही येसर करून विकील. ही शंका रास्त आहे आणि तिचे पूर्ण समाधान करणारे उत्तर माझ्यापाशी नाही. उघड्यावर ठेवलेले सर्व यंत्रे वाचतात, आणि आपणांस विचारून वाचत नाहीत. माझे मत इतकेच की विक्रीचे नेमके प्रमाण, कोणता मसाला किती, हे वहीत राहू द्यावे. रीत, नाव आणि गाव मात्र लिहावे. न लिहिले तर यंत्र गप्प बसणार नाही. ते ओले खोबरे घातलेले येसर जगाला सांगत राहील, आणि काही वर्षांनी आपल्याच नाती आपल्याला सुधारतील की, ‘आजी, येसरात नारळ असतो.’

कार्यकारिणीची परवानगी घेतलेली आहे, तेव्हा पुढचे सांगून थांबते. येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता याच जागी बसायचे. पहिला लेख येसराचा करू. कुरडईवर आधीच पुष्कळांनी लिहिले आहे. ज्येष्ठ भगिनींनी बोलायचे, कॉलेजच्या मुलींनी वहीत उतरवून घ्यायचे. मोबाईल एकच पुरे, तो माझा आणते. बाजरी घालावी की ज्वारी, यावर वाद होईल हे मला ठाऊक आहे. मिटला नाही तर दोन्ही रीती ज्या त्या घराच्या नावाने लिहू. खाली सही मंडळाची राहील, आणि सांगणाऱ्या बाईचे नाव तिची हरकत नसेल तर. येताना प्रत्येकीने आपल्या घरचे येसर वाटीभर आणावे, छायाचित्र घ्यायचे आहे. वाटी स्टीलची नको, उजेडात चमकते. पितळेची किंवा मातीची आणावी.